गर्भपिशवीतला पॉलिप आणि दिवस राहण्याचा प्रश्न

सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते : 'एंडोमेट्रियल पॉलिप, ९ × ६ मिमी.' डॉक्टर म्हणतात, "पिशवीत एक छोटीशी गाठ दिसतेय." घरी पोहोचेपर्यंत त्यातलं 'छोटीशी' गळून जातं आणि 'गाठ' तेवढी उरते. सासूबाई विचारतात, कसली गाठ? आईचा फोनवरचा आवाज बदलतो. शेजारच्या काकूंच्या ओळखीत कुणाची तरी पिशवी काढलेली असते. आणि वर्षभर दिवस राहण्याची वाट बघणारी ती मुलगी रात्री मोबाइल घेऊन बसते, तेव्हा तिथे कॅन्सर आणि वंध्यत्व हे दोन शब्द तिची वाट बघत असतात.

हा लेख तिच्यासाठी आणि तिच्या नवऱ्यासाठी आहे. एवढं आधीच सांगते : पॉलिप बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, पिशवीला धक्का न लावता काढता येतो आणि दिवस राहत नसतील तर तो काढण्याला अर्थही असतो. पण तो सापडला म्हणून बाकीचा शोध थांबवला, तर सहा महिने, वर्ष सहज हातचं जातं. मला जास्त काळजी वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची.

गाठ म्हणजे नेमकी कोणती?

आपल्याकडे पोटातल्या कुठल्याही वाढीला 'गाठ' म्हणतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. गर्भपिशवीची भिंत स्नायूंची असते आणि तिला आतून मऊ अस्तर असतं. दर महिन्याला हे अस्तर वाढतं आणि गर्भ रुजला नाही तर पाळीवाटे गळून जातं. या अस्तराचाच एखादा ठिपका इतरांपेक्षा जास्त वाढून बाहेर डोकावू लागला की तो पॉलिप. त्याच्या मधोमध एक रक्तवाहिनी असते आणि भोवती अस्तराच्याच ग्रंथी आणि पेशी. काही पॉलिप देठाला लोंबतात, काही भिंतीला बसके चिकटलेले असतात. आकार दोन-चार मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत असू शकतो. एकच असेल असंही नाही, दोन-तीनही असतात.

फायब्रॉइड ही वेगळी गोष्ट. तो अस्तराचा नसून स्नायूचा असतो आणि हाताला टणक लागतो. तो भिंतीच्या आत, पिशवीच्या बाहेरच्या अंगाला किंवा आतल्या पोकळीत, कुठेही वाढू शकतो. तिसरा प्रकार पिशवीच्या तोंडाशी येणाऱ्या पॉलिपचा. तो साध्या आतल्या तपासणीत डॉक्टरांना डोळ्यांनी दिसतो आणि बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढता येतो. चौथी गाठ पिशवीची नसतेच, ती बीजकोशावर असते आणि पुष्कळदा पाण्याने भरलेली असते. या चारही गोष्टींचे उपाय वेगळे आणि गर्भधारणेशी असलेलं नातंही वेगळं. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा : ही गाठ अस्तराची, स्नायूची, तोंडाची की बीजकोशाची?

कॅन्सरबद्दल. पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये अस्तराच्या पॉलिपात कॅन्सर किंवा त्याच्या आधीचे बदल सापडण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन इतकंच आहे. पाळी गेल्यानंतर, विशेषतः तेव्हा रक्तस्राव होत असेल तर, ते वाढतं. तिशीतल्या बाईने रिपोर्ट वाचून पहिला विचार कॅन्सरचा करण्याचं कारण नाही. काढलेला तुकडा तपासायला मात्र पाठवायचाच. त्याबद्दल पुढे येईल.

तो होतो कशाने?

अस्तर वाढवणारं हार्मोन म्हणजे इस्ट्रोजेन. पॉलिपातल्या पेशी या हार्मोनला जरा जास्तच दाद देतात असं दिसतं. त्यामुळे वय चाळिशीकडे झुकताना, वजन जास्त असताना किंवा बीज वेळेवर न फुटल्यामुळे पाळी महिनोन्महिने लांबत असताना पॉलिप जास्त आढळतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांमध्येही ते वारंवार दिसतात.

काही वेळा यातलं काहीच नसतं आणि तरीही पॉलिप असतो. तिने जड उचललं, थंड खाल्लं, लग्नानंतर लगेच मूल नको म्हटलं, म्हणून पॉलिप होत नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण घराघरांत ते कुणी तरी स्पष्टपणे म्हणायची गरज असते.

खुणा काय?

दोन पाळ्यांच्या मध्येच डाग लागणं, पाळी संपली असं वाटल्यावर पुन्हा दोन दिवस तपकिरी अंगावर जाणं, संबंधानंतर थोडं रक्त दिसणं, पाळीत नेहमीपेक्षा जास्त जाणं. अनेकींना यातलं काहीच होत नाही. मूल हवं म्हणून तपासण्या सुरू होतात आणि तेव्हाच पॉलिप पहिल्यांदा दिसतो. मधल्या डागांबद्दल बायका स्वतःहून सांगत नाहीत, 'थोडंसंच तर जातं' म्हणून सोडून देतात. ते सांगा, अगदी तारखेसह.

गर्भ रुजण्याच्या आड तो कसा येतो?

एक गोष्ट सरळ आहे. बीजनळी जिथे पिशवीत उघडते त्या कोपऱ्यात पॉलिप बसला असेल तर शुक्राणूंची वाट अरुंद होते किंवा बंद होते. तोच पॉलिप पिशवीच्या मध्यभागी असेल तर तितका अडथळा होईलच असं नाही. म्हणून रिपोर्टमध्ये आकाराइतकीच जागाही महत्त्वाची असते, पण घरी चर्चा होते ती मिलिमीटरचीच.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बीज फलित झाल्यावर पाच-सहा दिवसांनी गर्भ पिशवीत उतरतो आणि अस्तराला चिकटू पाहतो. त्या मोजक्या दिवसांसाठी अस्तर स्वतःला तयार करतं. पॉलिप असलेल्या पिशवीत ही तयारी बिघडलेली आढळली आहे. अस्तराला गर्भासाठी सज्ज करणाऱ्या जनुकांचं काम अशा अस्तरात मंदावलेलं दिसलं आहे, आणि ते फक्त पॉलिपापुरतं नसून आजूबाजूलाही. शिवाय पॉलिपातून ग्लायकोडेलिन नावाचं प्रथिन जास्त स्रवतं. शुक्राणू बीजाला चिकटण्याच्या क्रियेत हे प्रथिन अडथळा आणतं. एरवी बीज फुटण्याच्या सुमारास ते कमी असायला हवं, नेमकं तेव्हाच पॉलिपामुळे ते जास्त राहतं. त्यात अस्तराला आलेली हलकी, लांबलेली सूज मिसळली की रुजायला जागा असूनही गर्भ रुजत नाही.

तरीही पोटात पॉलिप असताना दिवस राहिलेल्या, नऊ महिने सुरळीत पार पाडलेल्या बायका पुष्कळ आहेत. पॉलिप शक्यता कमी करतो, दार कायमचं बंद करत नाही. गर्भपात आणि पॉलिप यांचं नातं अजून नक्की ठरलेलं नाही. ज्यांचे गर्भ वारंवार पडले आहेत त्यांच्यात डॉक्टर पॉलिप काढायला सुचवतात ते सावधगिरी म्हणून.

काढला तर फरक पडतो का?

या प्रश्नाचं सर्वांत ठळक उत्तर २००५ साली स्पेनमधून आलं. ज्यांच्या पिशवीत पॉलिप होता आणि ज्यांचं आययूआय (नळीने शुक्राणू थेट पिशवीत सोडणं) करायचं ठरलं होतं, अशा २१५ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाचा पॉलिप योनीमार्गातून पिशवीत घातलेल्या दुर्बिणीतून (हिस्टेरोस्कोपी) काढला. दुसऱ्या गटात दुर्बिणीतून पाहून फक्त तुकडा तपासायला घेतला आणि पॉलिप तसाच ठेवला. पहिल्या गटात ६३ टक्के जणींना दिवस राहिले, दुसऱ्यात २८ टक्के जणींना. मला त्यातली सगळ्यात बोलकी वाटते ती पुढची गोष्ट : पॉलिप काढलेल्यांपैकी ज्यांना दिवस राहिले, त्यातल्या ६५ टक्के जणींना ते पहिलं आययूआय होण्याआधीच, म्हणजे आपोआप राहिले होते.

हे आकडे वाचून कुणी 'ऑपरेशन केलं की ६३ टक्के नक्की' असं समजू नये. तो एका ठरावीक प्रकारच्या जोडप्यांवरचा एक अभ्यास आहे. कॉक्रेन ही संस्था अशा अभ्यासांचा वेळोवेळी आढावा घेते आणि या विषयावरचा पुरावा तोकडा आहे, असं तिने पुन्हा पुन्हा नोंदवलं आहे. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करणाऱ्यांच्या बाबतीत छोटे पॉलिप काढल्याने नेमका किती फायदा होतो, हे इतक्या स्वच्छपणे कुणी दाखवलेलं नाही.

आणि नाण्याची दुसरी बाजू. सोनोग्राफीत पिशवी अगदी स्वच्छ दिसत असताना 'आयव्हीएफच्या आधी एकदा दुर्बीण टाकून बघू' असा सल्ला काही ठिकाणी सरसकट दिला जातो. २०१६ साली युरोपातले दोन मोठे अभ्यास एकाच वेळी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकात आयव्हीएफ आधी अयशस्वी झालेल्या स्त्रिया होत्या, दुसऱ्यात पहिल्यांदाच करणाऱ्या. दोन्हींत निष्कर्ष सारखाच निघाला : सोनोग्राफी स्वच्छ असेल तर नेमाने दुर्बीण टाकल्याने बाळ होण्याचं प्रमाण वाढत नाही. थोडक्यात, दिसणारा पॉलिप काढण्याला आधार आहे, न दिसणाऱ्याच्या शोधात प्रत्येकीला टेबलावर घेण्याला नाही.

सोनोग्राफी कधी केली, हे आधी बघा

पेरणीच्या आधी रिकाम्या शेतात दगड कुठे आहे ते बांधावरून दिसतं. कमरेएवढं पीक उभं राहिल्यावर तो शोधायला आत शिरावं लागतं, आणि कधी पिकाचाच गड्डा दगडासारखा भासतो. अस्तराचंही तसंच असतं. पाळी संपल्यावर ते पातळ असतं, त्यात पॉलिप पांढरट ठिपक्यासारखा स्पष्ट दिसतो. पाळी जवळ आली की सगळं अस्तरच जाड आणि पांढरट होतं. मग खरा पॉलिप त्यात लपतो किंवा नुसत्या जाड अस्तराला पॉलिप म्हटलं जातं.

म्हणून पाळी थांबल्यावर, साधारण दहाव्या दिवसाच्या आत केलेली आतली सोनोग्राफी जास्त भरवशाची. तुमची बाविसाव्या दिवशी झाली असेल आणि तिच्यात पॉलिप म्हटलं असेल, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पुढच्या पाळीनंतर पुन्हा एकदा करून घ्या. पाळीबरोबर 'पॉलिप' निघून गेलेला कितीतरी जणींनी पाहिला आहे, कारण तो मुळात पॉलिप नव्हताच. दिवस मोजताना पहिला दिवस म्हणजे अंगावरून नीट जायला लागलेला दिवस. काही घरांत चौथ्या दिवसाच्या न्हाण्यापासून मोजायची सवय असते, त्यामुळे डॉक्टरांचा दहावा दिवस आणि तुमचा दहावा दिवस वेगळा होतो.

रिपोर्टमधले शब्द असे वाचायचे : 'ईटी' म्हणजे अस्तराची जाडी. 'हायपरएकोइक' म्हणजे आजूबाजूपेक्षा पांढरट दिसणारं. 'फीडिंग व्हेसल' म्हणजे डॉपलरमध्ये दिसलेली, पॉलिपाला रक्त पुरवणारी एकच वाहिनी. ती दिसली असेल तर निदान बरंच पक्कं. शंका असेल तर पिशवीत थोडं सलाइन सोडून सोनोग्राफी करतात. पाण्यामुळे पिशवीच्या दोन भिंती एकमेकींपासून सुटतात आणि पॉलिप त्या पाण्यात उभा दिसतो. नळ्यांच्या एक्स-रेमध्ये, म्हणजे एचएसजीत, पॉलिपाच्या जागी औषध न भरलेला डाग दिसू शकतो, पण तसाच डाग हवेच्या बुडबुड्यानेही दिसतो.

आतल्या सोनोग्राफीची लाज किंवा भीती वाटणं साहजिक आहे. लघवीला जाऊन मूत्राशय रिकामं करून झोपायचं असतं, काही मिनिटं लागतात आणि अंग सैल सोडलं तर सहसा दुखत नाही. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत छोटा पॉलिप सहसा सुटतो.

क्युरेटिंग नको, दुर्बीण हवी

'पिशवी धुऊन घेऊ', 'क्युरेटिंग करून टाकू' हे शब्द आपल्याकडे फार सहज वापरले जातात. क्युरेटिंग म्हणजे न बघता, हाताच्या अंदाजाने पिशवीचं अस्तर खरवडणं. पॉलिप मऊ असतो, हलतो, खरवडणीच्या खालून निसटतो. क्युरेटिंग होऊनही तो जिथल्या तिथे राहिलेला नंतर दुर्बिणीत दिसतो. उलट, जिथे पॉलिप नव्हता तिथलं निरोगी अस्तर खरवडलं जातं. अस्तर खोलवर दुखावलं तर पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटण्याचा धोका असतो आणि मूल हवं असणाऱ्या बाईला तो मुळीच परवडणारा नाही. पॉलिपासाठी डोळे झाकून केलेलं क्युरेटिंग हा आता योग्य उपाय मानला जात नाही. कुणी तोच सुचवला तर शांतपणे विचारा, "दुर्बिणीतून बघून काढता येणार नाही का?" तिथे सोय नसेल तर जिल्ह्याच्या गावी जाऊन करणं बरं. पॉलिप ही तातडीची गोष्ट नसते, महिनाभर थांबल्याने काही बिघडत नाही.

पिशवीत पहिल्यांदा डोकावून पाहिलं गेलं तेच पॉलिपासाठी. १८६९ साली दिओमेदे पांतालेओनी या इटालियन डॉक्टरांनी साठीच्या एका बाईच्या, सतत रक्त जाणाऱ्या पिशवीत नळी घालून दिव्याच्या उजेडात पाहिलं, आत त्यांना पॉलिपासारखी वाढ दिसली आणि सिल्व्हर नायट्रेटने ती त्यांनी जाळली. तेव्हा अडचण होती उजेडाची आणि पिशवी फुगवून ठेवायची. आज चार-पाच मिलिमीटरची नळी, तिच्यात बारीक कात्री किंवा चिमटा आणि पिशवी किंचित फुगवायला सलाइन, एवढ्यात काम होतं.

सगळेच काढायचे का?

नाही. पाहणीत असं दिसलं आहे की काहीही त्रास न देणारे पॉलिप वर्षभर तसेच ठेवले तर साधारण चारातला एक आपणहून नाहीसा होतो. त्यात एक सेंटिमीटरहून लहान असलेल्यांचा वाटा मोठा. बाई २६ वर्षांची आहे, प्रयत्न सुरू करून चारच महिने झालेत आणि ५ मिलिमीटरचा पॉलिप सहज दिसला, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बघणं शहाणपणाचं. बाई ३६ वर्षांची आहे, दीड वर्ष झालंय आणि पॉलिप नळीच्या तोंडाशी आहे, तर मी थांबायला सांगणार नाही. या दोघींच्या मधल्या बायकांसाठी वय, कालावधी, जागा, आकार आणि डाग लागतात का, हे सगळं एकत्र धरून ठरवायचं असतं.

आयव्हीएफची इंजेक्शनं चालू असताना मध्येच पॉलिप दिसला तर घाबरून सगळं रद्द करायची गरज नसते. बीजं काढून, गर्भ तयार करून गोठवून ठेवता येतात, पॉलिप काढून अस्तर सावरलं की मग गर्भ पिशवीत सोडतात.

पॉलिप विरघळवणारी गोळी नाही. हार्मोनच्या गोळ्यांनी जाड अस्तर गळून जातं, खरा पॉलिप सहसा राहतो. जडीबुटीने किंवा काढ्याने पॉलिप गेला असं सांगणारे भेटतील. त्यांच्यापैकी किती जणींना तो मुळात नव्हताच आणि किती जणींचा आपणहून गेला, हे कुणी मोजलेलं नसतं.

ऑपरेशनच्या आधी एक साधी तपासणी

नवऱ्याची वीर्यतपासणी. तीही बाईला भूल देण्याच्या आधी. यात रक्त काढायचं नसतं, टाके नसतात, सुट्टी लागत नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, एवढंच. तरी कित्येक घरांत तिची सोनोग्राफी, तिच्या नळ्यांचा एक्स-रे, तिची दुर्बीण असं सगळं होऊन जातं आणि त्याचा रिपोर्ट शेवटी, तोही मनधरणी करून. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटा मोठा असतो. पॉलिप सापडला की घरच्यांना 'कारण मिळालं' असं वाटतं आणि त्याची तपासणी आणखीच मागे पडते. दोघांमध्येही थोडं थोडं काही असू शकतं. शुक्राणू फारच कमी असतील तर पॉलिप काढून महिनोन्महिने घरी वाट बघण्यात अर्थ नसतो, पुढचा मार्गच वेगळा असतो. हे आधी कळलं तर तिची एक भूल आणि दोघांचे सहा महिने वाचतात. जे नवरे हे वाचत असतील त्यांना माझं सांगणं आहे : तिने पहिली तपासणी करायच्या आधी तुमची देऊन या.

तिच्याही बाकीच्या तपासण्या बघायच्या : थायरॉइड, बीज वेळेवर फुटतं का, वय ३५च्या पुढे असेल तर बीजसाठ्याचा अंदाज.

ऑपरेशनचा दिवस

तारीख पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली असते. पूर्ण भूल असेल तर सहा तास काही खायचं नाही. छोटा पॉलिप काही ठिकाणी भूल न देताही, ओपीडीतच काढतात. त्यात पाळीसारखी कळ येते, पण बहुतेकींना ती सोसवते. पोटावर कुठेही छेद नसतो. प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत होतं आणि संध्याकाळपर्यंत घरी जाता येतं.

फक्त पॉलिपासाठी पोटावरून घालायची दुर्बीण लागत नाही. 'दोन्ही दुर्बिणी एकदमच करू' असं सांगितलं तर दुसरी कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नळ्या बघायच्या असतील, एंडोमेट्रिओसिसची (अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) शंका असेल तर कारण रास्त आहे. कारण सांगता येत नसेल तर नाही.

धोके कमी, पण आहेत : पिशवीला छिद्र पडणं, संसर्ग, जास्त रक्तस्राव, पिशवीत सोडलेलं पाणी अंगात जास्त शोषलं जाणं. नंतर चार-आठ दिवस थोडे डाग लागतात. तेवढे दिवस संबंध टाळायचे. ताप, घाण वास असलेला स्राव, तासाला पॅड भिजेल इतकं रक्त किंवा न थांबणारी पोटदुखी, यातलं काही झालं तर रात्र असली तरी फोन करायचा.

काढलेला तुकडा कुठे गेला?

तो पॅथॉलॉजीला गेला का, हे नातेवाइकांनी त्याच दिवशी विचारावं. रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो आणि फाइलमध्ये तो असलाच पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक तपासणी महत्त्वाची ठरते, टीबीची. क्षयरोग फुप्फुसाप्रमाणे नळ्यांना आणि पिशवीलाही होतो, तिथे तो खोकला-ताप न देता गुपचूप राहतो आणि मूल न होणं हीच त्याची एकमेव खूण असू शकते. म्हणून अस्तराचा एक तुकडा टीबीसाठीही पाठवतात. इथे एक छोटी चूक वारंवार घडते. कॅन्सर किंवा इतर बदल बघायचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, पण टीबीचे जंतू वाढवून बघायचे असतील तर तो साध्या सलाइनमध्ये जावा लागतो, कारण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. दोन वेगळ्या बाटल्या गेल्या का, हे विचारून ठेवा. आणि बाकी सगळं ठीक असताना नुसती पीसीआर (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून सहा महिन्यांची औषधं लगेच सुरू करू नका, आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अशा एकट्या रिपोर्टवर किती विसंबायचं, यावर डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत.

पिशवी काढायला कुणी सांगितली तर

महाराष्ट्रात हे वेगळं लिहावं लागतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं उघड झालं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात अगदी तरुण बायकाही होत्या. अंगावर पांढरं जातं, पोट दुखतं, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल, अशी भीती घातली की थकलेली बाई हो म्हणते.

मूल हवं असलेल्या बाईच्या साध्या पॉलिपासाठी पिशवी काढायचं काहीही कारण नसतं. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये पेशींचे धोकादायक बदल आले तरीही आधी मोठ्या रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं. काही परिस्थितींत तेव्हाही पिशवी राखून, औषधांवर ठेवून मुलासाठी वेळ देता येतो.

पुढच्या पाळीपासून

पॉलिप काढलेली जागा लवकर भरून येते, कारण तिथे खोल जखम नसते. बहुतेक डॉक्टर एक पाळी होऊन जाऊ देतात आणि त्यानंतर प्रयत्न करायला सांगतात. आययूआय किंवा आयव्हीएफसाठीही याहून लांब थांबल्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही. घरीच प्रयत्न करायचे असतील तर पाळी नियमित असलेल्या बाईने पुढची पाळी येण्याच्या १४ दिवस आधीचा सुमार बीज फुटण्याचा धरावा आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवस महत्त्वाचे मानावेत. फॉलिक ॲसिडची गोळी याच महिन्यापासून सुरू करावी, दिवस राहिल्यावर नव्हे.

वय पस्तिशीच्या आत असेल आणि बाकीचे रिपोर्ट चांगले असतील तर सहा महिने निवांत देता येतात. पस्तिशीच्या पुढे तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे परत जावं. पॉलिप पुन्हा होऊ शकतो, त्यामुळे डाग पुन्हा लागायला लागले तर पाळीनंतरच्या आठवड्यात सोनोग्राफी. ऑपरेशननंतरची पहिली पाळी एखादा आठवडा मागेपुढे होऊ शकते, नेहमीपेक्षा कमी-जास्तही जाऊ शकतं. तिचा पहिला दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, पुढच्या भेटीत डॉक्टर सगळ्यात आधी तोच विचारतील.